ओल्या रंगावरचं फडकं

फाईल तोंडावर आली. साहेबांनी फेकलेली. चांगली जाडजूड, आणि तिच्या टॅगला टोकाशी पत्रा. तो पत्रा उजव्या भुवईत शिरला. डोळा थोडक्यात वाचला.

"तुमच्या लोकांना खुर्ची सरकार देईल हो. अक्कल कोण देणार?"

केबिनमध्ये चौघं होते. कुणी हललं नाही. रक्त डोळ्यात उतरलं, तिथून फायलीवर टपकलं.

आणि मी काय केलं? "सॉरी सर," म्हणालो. फाईल खराब झाली म्हणून. रुमाल काढला, आधी फाईल पुसली. मग कपाळ.

पोरं विचारायची, पप्पा, ही भुवई कशी तुटली? कधी मी सायकल सांगितली, कधी क्रिकेटचा चेंडू. एकदा तर दौलताबादच्या किल्ल्यावरून पडलो म्हणालो. धाकटी म्हणाली, "मग पप्पा, तुम्ही जिवंत कसे?" बरोबर विचारलं पोरीनं. त्या दिवशी केबिनमधून बाहेर आलो तो जिवंत नव्हतोच.

कागद साधा होता. साहेब महिन्याभरात रिटायर होणार होते. सेवाज्येष्ठता यादीत त्यांच्यानंतर माझंच नाव. विभागप्रमुखाची खुर्ची माझी होती. साहेबांना तिथं त्यांचा माणूस हवा होता, माझ्याहून चार वर्षांनी ज्युनिअर. म्हणून त्यांनी टाईप करून ठेवलं होतं: 'कौटुंबिक अडचणींमुळे मी पदोन्नती स्वेच्छेने नाकारीत आहे.' खाली माझं नाव. सही तेवढी बाकी. मी म्हणालो, दोन दिवस द्या. तेवढ्यासाठी फाईल.

साहेब मेरिटवर फार छान बोलायचे. बोलतील नाहीतर काय? भाषणं मीच लिहायचो. मेरिट कसं बुडत चाललंय, हेसुद्धा मीच लिहून दिलं होतं. टाळ्या पडल्या तेव्हा मागच्या रांगेत मीही वाजवल्या. मी स्वतः परीक्षेत खुल्या यादीतून आलेलो. पण आम्ही बौद्ध, एवढं कळलं की पुढचं कुणी वाचत नाही.

साहेबांच्या खुर्चीमागं लाकडी फलक होता. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या सगळ्या प्रमुखांची नावं, पांढऱ्या ऑइल पेंटनं. आडनावं पाच-सहाच, आलटून पालटून. वरून पाचवं नाव फिस्कटलेलं. प्रत्येक अक्षराला उजवीकडं पांढरी शेपटी. मी नवीन असताना साहेबांना हसवायला म्हणालो होतो, "पेंटर पिऊन आला असणार सर." साहेब खूप हसले. त्यांनी मला चहा पाजला. मी तो चवीनं प्यालो.

संध्याकाळी छावणीत, आमच्या जुन्या घरी, बाबांकडं गेलो. बाबा म्हणजे माझे वडील. जन्मभर पाट्या लिहिल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, एस.टी. स्टँडवरच्या. ऐंशीच्या घरात होते, पण नजर पेंटरची.

"जिन्यावरून पडलो," मी म्हणालो.

"जिना असा कापत नाय. पत्रा हाय त्यो. कुणी मारलं?"

सांगितलं सगळं. शेवटी म्हणालो, "सही करून टाकतो बाबा. पोरांची शाळा आहे. बदली करतील कुठंतरी लांब."

खरं सांगतो, मी सही करणारच होतो. पेनसुद्धा चांगलं निवडलं होतं.

बाबांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. पहिलं बोट मधल्या पेरात वाकडं. आम्हा भावंडांना माहीत होतं, सायकलच्या चेनमध्ये गेलेलं.

"चेन नाय," बाबा म्हणाले. "तुझ्या हापिसातला रूळ, रेघा मारायचा लाकडी."

निजाम गेला, उर्दू पाट्या उतरल्या. मराठीत लिहायला माणसं पाहिजे होती. बाबा छावणीतल्या एका उस्तादाच्या हाताखाली अक्षर शिकलेले. काही वर्षांनी त्या हापिसातनं बोलावणं आलं, नव्या साहेबाचं नाव लिहायला.

"आत याचं नाय म्हणले. फलकच व्हरांड्यात आणला. मी लिवलं. लई झ्याक लिवलं. मी उठलो का हेडक्लार्क ओलं फडकं घेऊन आला. शिवलोय ना मी फलकाला. मी म्हणलं, मालक, रंग ओला हाय, थांबा. त्येनी पुसलं."

"मग?"

"मग काय? साहेबाचं नाव फराफरा पसरलं. साहेब भाईर आला. मला इचारलं नाय, त्येला इचारलं नाय. टेबलावरला रूळ उचलला. म्हणला, हात ठेव. मी ठेवला."

"ठेवला?"

"तू फाईल पुसलीस का नाय?"

अकरा वर्षं मी त्या नावासमोर बसलो होतो. माझ्या बापाच्या मोडलेल्या बोटावर विनोद करून चहा प्यालो होतो.

"परत लिवायला लावलं नाय," बाबा म्हणाले. "दुसरा पेंटर आणू म्हणले. आणला नाय. तसंच ऱ्हायलं."

सकाळी साहेबांपुढं गेलो. भुवईला तीन टाके. कागद टेबलावर तयार होता. शेजारी पेन.

मी कागद घेतला. 'नाकारीत आहे' यावर काट मारली. वर लिहिलं, 'नाकारीत नाही.' खाली पूर्ण नावाची सही, तारीख. आणि म्हणालो, "सर, याला आवक नंबर द्यायला सांगा. कालच्या रक्ताच्या फायलीची तक्रार सोबत जोडलीय."

साहेब उठले. माझी कॉलर धरली. "माजलास? तुझा गोपनीय अहवाल मी लिहितो, विसरलास?"

मी त्यांचं मनगट धरलं. उजव्या हाताचं. पिरगाळलं. कोपर टेबलाच्या काचेवर आपटलं, काच तडकली. साहेब ओरडले. मी आणखी पिरगाळलं. हाडाची कुरकुर हाताला लागत होती, आणि मला बरं वाटत होतं. हे लपवत नाही. आणखी एक हिसका, की बोटं निकामी झाली असती. समोर फलक होता, पाचवं नाव होतं.

शिपाई रहीमचाचा धावत आले. "छोड देव साब. टूटा तो केस तुम्हारे पे बनेगा. ये तो येइच चाहते."

मी सोडलं.

साहेबांनी जाताजाता अहवालात लिहिलं: 'निर्णयक्षमता नाही. मसुदा लिहिता येत नाही. हिंसक.' तिसरा शब्द तेवढा त्यांनी स्वतः मिळवला होता. माझ्या तक्रारीवर चौकशी बसली आणि बसूनच राहिली. ज्युनिअर प्रमुख झाला. माझी बदली. मग कोर्ट. सात वर्षं. मधल्या काळात बाबा गेले. त्यांचा ब्रश मी आणला. दर रविवारी टर्पेंटाईनमध्ये भिजवतो, केस कडक होऊ नयेत म्हणून. बायको म्हणते, "अहो, शिजला का?"

गेल्या आठवड्यात ऑर्डर आली. खुर्ची माझी. रिटायर व्हायला तीन महिने उरलेत.

काल हेडक्लार्कचा फोन. "अभिनंदन सर. एक विचारायचं होतं. फलकावर नाव लिहायचं का? नाही म्हणजे, तीनच महिने... तशी पद्धत नाही आपल्याकडे."

"पाचवं नाव कितीक महिने खुर्चीत होतं?" मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. मला आहे, कोर्टासाठी जुनी यादी काढली होती. दोन.

"पेंटर नका बोलावू," मी म्हणालो. "फलकही खाली काढू नका."

रात्री पोरांना बसवलं आणि भुवईचं खरं सांगितलं. बोटाचंही. धाकटी हसली नाही.

सोमवारी हजर होतोय. स्टूल केबिनच्या आत लावणार, दार सताड उघडं ठेवून. बापाच्या ब्रशनं माझं नाव मी लिहिणार. माझं अक्षर वाईट आहे, ओळ वाकडी जाईल. जाऊ दे. रंग वाळेपर्यंत तिथंच उभा राहणार. आणि कुणी ओलं फडकं घेऊन आलंच, तर त्याचं मनगट धरणार.

या वेळी सोडणार नाही.