सरांची जुळी इमारत

नवी इमारत दिसली की सर तिच्याकडे पाठ करून उभे राहत. समोरचा रस्ता, शेजारची दुकानं न्याहाळत आणि विचारत, "आपण नसतो आलो, तं इथं काय बसलं असतं?" लोकांना वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

पण सरांचं कामच तसं होतं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर पिपरी मेघेतल्या घराच्या समोरच्या खोलीत त्यांनी एक कॉम्प्युटर मांडला आणि न बांधलेल्या इमारतीला वीज किती लागेल, ते काढून द्यायला लागले. दोन हजार सालानंतर हे काम आपल्याकडे नुकतंच येऊ लागलं होतं. नवी इमारत वीज वाचवणार म्हणायचं, तर कोणाच्या मानाने? म्हणून कॉम्प्युटरवर तिची एक जुळी उभी करायची. तेवढीच मोठी, तेवढीच माणसं, तेवढाच गारवा. फक्त एसीची यंत्रणा नेहमीची, चारचौघांकडे असते तशी. ती कोणती, हे मालकाच्या मर्जीवर नाही. इमारत कशासाठी, मजले किती, पसारा केवढा, यावरून ठरतं. ती निवडायला सर दिवस दिवस घालवत. "जुळीच खोटी उभी केली, तं सारी बचत खोटी," म्हणत.

मी जवळच्या आंजी गावची. कॉलेजात सरांची विद्यार्थिनी. इंजिनिअर झाले तेव्हा बाबांनी आमच्या किराणा दुकानात बसल्या बसल्या सेलूचं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. मला काम करायचं होतं, पण बाबांपुढे तोंड उघडायची छाती नव्हती. कुठून कळलं कोण जाणे, सर स्कूटरवरून घरी आले. बाबा म्हणाले, "सर, पोरगा चांगला हाय. नोकरी कायले पाहिजे तिले?"

सर बशीत चहा ओतत म्हणाले, "स्थळ पाहा ना, कोण नाई म्हणून राह्यलं? तवरक माझ्याकडं येऊ द्या तिले."

ते 'तवरक' बरंच लांबलं. सेलूवाले काही थांबले नाहीत, आणि बाबांनीही पुढे विषय काढला नाही.

पहिल्याच कामात मी दिवे लावले. एका दवाखान्याची जुळी उभी करायची होती. आपल्याकडे काय बसलं असतं? कूलर! मी खोलीखोलीत कूलर बसवले. उत्तर आलं, की नवा दवाखाना जुळीपेक्षा कितीतरी जास्त वीज खातो. सर पोट धरून हसले. "अवं, तू तं दवाखान्यात आंजीचं घर बसवलं! ऑपरेशनच्या खोलीत कूलर लावते काय?" स्वयंपाकघरातल्या काकूंना हाक मारून तेच पुन्हा सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत शेजारी बसून समजावत राहिले.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खोलीत कूलरच होता. होळी झाली की सर लुंगी खोचून त्यातला जुना वाळा काढत, नवा भरत, आणि पहिलं पाणी सोडलं की त्या ओल्या वासात डोळे मिटून उभे राहत. तेव्हा कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. तो वास मला अजून हवा आहे.

पुण्याची नोकरी आली तेव्हा माझाच पाय निघेना. सर म्हणाले, "काऊन थांबून राह्यली? जाजो. अन् उन्हाळ्यात येजो." सुरुवातीचे काही उन्हाळे गेले मी. मग कामं वाढली. सर गेल्याचा फोन आला तो ऑफिसातच, एसीत.

काकूंना भेटायला गेले तेव्हा होळी होऊन गेली होती. कूलर खिडकीत कोरडाच होता. त्याच्यासमोर बसले आणि सरांचाच प्रश्न मनात आला. त्या दिवशी सर आंजीला आले नसते, तर? तर मी सेलूला असते, दुपारी कूलर लावून पोरांना निजवत. ती माझी जुळी मला अगदी स्पष्ट दिसते. सुखातही असेल. तिच्या मानाने मी कितीतरी पुढे गेले, असं सगळे म्हणतात.

पण तिला सर ठाऊक होते ते फक्त कॉलेजातले; ओल्या वाळ्याच्या वासात डोळे मिटून उभे राहणारे सर तिला ठाऊकच नव्हते. त्या कोरड्या कूलरसमोर मी एकटीच रडले.