हीटरवरचं उपरणं

शहाद्याच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई हीटर निवडत होती. मागे झोपायची सोय केलेल्या गाडीतून म्हाताऱ्या वडिलांना घेऊन ती तोरणमाळला मुक्कामी निघाली होती. प्रत्येक चालू हीटरवर ती वडिलांचं उपरणं टाकायची आणि बघत राहायची.

"ताई, दुकान जळी जाई मन्हं!" शेटजी ओरडले.

"आप्पा घरी शेगडीवर वाळत टाकतस, गाडीमा यान्हावर टाकतीनच. मी झोपी जासू, पन हाऊ हीटर जागा ऱ्हावाले पाहिजे."

शेवटी एक हीटर टक्कन आपोआप बंद झाला. तिनं तोच बांधून घेतला. मलाच हायसं वाटलं.

दारापर्यंत जाऊन ती परत आली. "अजून एकदाव टाकी देखू?"

शेटजींनी खोकं उघडलं.