पोत्यातल्या मुठी

इतवारीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानासाठी झाकणांच्या मुठी मी हिंगणा रोडवरच्या एका शेडमधून बनवून घेतो. शेड चालवणाऱ्या बाईंना मी वहिनी म्हणतो. कुठलीही वस्तू हातात आली की त्या आधी तिच्यावर नख वाजवतात आणि कान देऊन ऐकतात. नवी ऑर्डर सांगितली की त्यांचा एकच प्रश्न असतो, "चुलीवर जाईन का फळीवर?" फळीवरच्या डब्याला साधं प्लास्टिक, चुलीवरच्या झाकणाला बेकलाईट.

त्यांच्या मशीनशेजारी बेकलाईटच्या बिघडलेल्या मुठींचं एक पोतं आहे. मागच्या आठवड्यात मी विचारलं, "वहिनी, हे पोतं काहून ठेवून राहिल्या?"

"आमच्या यांच्या हातचं हाये, भाऊ." त्यांचे यजमान वारले त्याला काही वर्षं झाली. "प्लास्टिकचा खराब माल आम्ही दळून पुन्हा वितळवतो. यांनी काढलेलं कोणाच्या बादलीत गेलं, कोणाच्या मगात. बेकलाईट एकदा पक्कं झालं की वितळत नाही. तेवढंच राहिलं."

मला घरच्या झाकणासाठी एकच मूठ हवी होती. पोत्यातली एक उचलून मी म्हणालो, "हीच देऊन द्या. कोपरा उडाला तरी मले चालते."

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, नख वाजवून ऐकली आणि परत पोत्यात ठेवली. मग माझ्या एका मुठीसाठी बंद मशीन सुरू करून त्या साचा तापायची वाट बघत बसल्या.