तिच्या जागी दहा दिवस

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातली मोठी सांगत होती की तिला विद्यापीठात एक ॲडव्हायझर मिळाली आहे आणि ती बाई काही सांगत नाही, नुसते प्रश्न विचारत बसते. वैतागली होती बिचारी. मी हसले. निवृत्तीनंतर काही वर्षं तुमच्या आजीने हेच काम केलं, फक्त माझी तऱ्हा उलटी होती. मी विचारायची कमी आणि सांगायची जास्त. त्याचीच एक हकीकत लिहून ठेवते आहे.

बीडजवळच्या आमच्या विद्यापीठात मी इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. त्याच सुमारास अभ्यासक्रम बदलला. मुलांनी मुख्य विषय, जोडविषय, कौशल्याचा विषय असं सगळं स्वतः निवडायचं होतं. पहिल्या पिढीतली शिकणारी मुलं, गोंधळून जायची. संचालकांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, बाई, तुमच्याएवढं शिस्तीचं दुसरं कोणी नाही, तुम्ही बसा. तेव्हापासून पावसाळ्यात नव्या मुलांचं ओरिएंटेशन आणि वर्षभर त्यांना सल्ला, हे दोन्ही माझ्याकडे आलं.

प्रत्येक मुलाची एक फाइल आणि फाइलीत मी स्वतः तयार केलेला दोन पानी फॉर्म. बारावीचे गुण, आवड, गावाचं अंतर, एसटीची वेळ, पालकांचा व्यवसाय, सगळं त्यात होतं. त्या फॉर्मचा मला अभिमान होता, हे कबूल करते.

गेल्या वर्षीच्या ओरिएंटेशनला पालकही आले होते. मी तासभर विषयांच्या गटांबद्दल बोलले. शेवटी मागच्या रांगेतला एक बाप उठून म्हणाला, "मॅडम, समदं बेस सांगितलं. आता ह्यातला नोकरीचा इषय कोंचा, तेवढा सांगा, म्हंजे आमी गाडी गाठतो."

सगळा हॉल हसला. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने ओढणीत तोंड लपवलं. नंतर ती एकटी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाबा तसेच हायेत मॅडम. मला भूगोल घ्यायचाय." तिचा फॉर्म मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. अक्षर सुरेख होतं. व्यवसायाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, शेती.

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत ती एक दिवसही चुकली नाही. चौसाळ्याकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीने यायची, पहिल्या बाकावर बसायची. दिवाळीनंतर ती आली नाही.

नियमाप्रमाणे मी पालकांच्या नावे पत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी दुसरं, मग तिसरं. उत्तर नाही. हजेरी कमी असलेल्यांना परीक्षेचा अर्ज भरता येत नाही, त्या यादीत तिचं नाव गेलं आणि यादीवर सही माझीच होती. सही केली आणि पेन खाली ठेवताना मला बरं वाटेना. आठवड्याभरात यादी परीक्षा विभागात जाणार होती. दुसऱ्या दिवशी मी एसटीने चौसाळ्याला गेले आणि तिथून रिक्षाने तिच्या गावी.

गावात दारांना कुलपं होती. एका ओळीत पाच-सहा घरं बंद. उन्हात म्हातारी माणसं आणि शेळ्या तेवढ्या दिसत होत्या. तिच्या घरी तिची आजी होती, बापाची आई, माझ्याच वयाची. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी पाणी दिलं, मग आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात रेशन कार्डाबरोबर माझी तिन्ही पत्रं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"मावशी, कोणाकडून वाचून का घेतली नाहीत?"

"वाचनारं कोन ऱ्हायलंय गावात? समदे गेलेत ऊस तोडाया. आन् पोरीचे कागद दुसऱ्याच्या हाती कशाला द्यावं, बाई? जपून ठिवलेत."

मग एकेक कळत गेलं. दसरा झाला की हे सगळे पश्चिमेला कारखान्यांकडे जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलगी शिक्षणासाठी आजीपाशी राहिली होती. पण तिकडे ऊस तोडताना आईच्या मनगटावर घाव बसला. तोडणीत एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता धरतात. तिथे माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. आईच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं म्हणून बापाने मुलीला बोलावून घेतलं.

मी या जिल्ह्यात जन्मले, इथेच म्हातारी झाले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या फायलींमध्ये ते कुठेच नव्हतं, आणि मी फायलींवर विश्वास ठेवला. सगळ्यांनी शेतीच लिहिलं होतं. खोटंही नव्हतं ते, दोन-दोन एकर प्रत्येकाकडे होतीच. कोण आपल्या हाताने त्या रकान्यात ऊसतोड लिहील?

अंगणातूनच फोन लावला. म्हातारीने लेकाचा नंबर लावून आपला छोटा फोन माझ्या हातात दिला. मुलगीच बोलली.

"मॅडम? तुमी आमच्या घरी?"

"हो. तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू मॅडम." मग तिनेच विचारलं, "परीक्षेला न्हाई बसले तर काय होतंय?"

"हे सत्र जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून."

फोन बापाने घेतला. मी त्याला समजावलं की पेपर दहा दिवसांत संपतात, दहाच दिवस पाठवा, राहायची सोय मी करते, मुलगी हुशार आहे.

"हुशार हाय हे मला ठावं हाय बाई. म्हनून तर घातली. पर मी एकट्यानं तोडू का मोळ्या बांधू? जोडी मोडली तर मुकादम ऐकत न्हाई."

"काहीतरी करा. दहाच दिवसांचा प्रश्न आहे."

"बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

काहीतरी करा. काय करा, ते मी सांगितलं नाही. मला वाटलं, माझं काम झालं. म्हातारीने पेपर कोणत्या वारी सुरू होऊन कोणत्या वारी संपतात तेवढं विचारलं आणि बोटांवर मोजून घेतलं.

परत येऊन मी संचालकांपुढे उभी राहिले आणि सांगितलं, पत्रं पोचली पण वाचली गेली नाहीत. वाचणारं माणूसच घरी नसताना मी ती पाठवत राहिले. चूक कार्यालयाची आहे, मुलीची नाही. ते यादीतल्या मुलांचे फॉर्म पाहून म्हणाले, "बाई, ही तर सगळी शेतकऱ्यांची मुलं दिसतायत." मी म्हटलं, "फॉर्म माझा आहे सर, मीच बनवलाय." मग प्रत्येक मुलाच्या घरी फोन लावत बसले. यादीतली बहुतेक मुलं तिच्यासारखीच निघाली. राहिलेलं काम लिहून द्यायच्या अटीवर त्यांना अर्ज भरू दिले. सगळी आली नाहीत.

ती मात्र आली, पहिल्या पेपरच्या आदल्या दुपारी. वसतिगृहात राहिली. तळहातांना भेगा होत्या, पेन वेगळंच धरायची. पहिल्या पेपरला मी दारातून पाहिलं, दर अर्ध्या तासाने ती बोटं झटकत होती. शेवटचा पेपर संपल्यावर पिशवी घेऊन माझ्या कार्यालयात आली.

मी खुशीत होते. "घरी जाऊन आजीला भेटून जाशील ना?"

"आजी घरी न्हाई मॅडम. तिकडं हाय."

"तिकडं म्हणजे?"

"उसाच्या फडात. माज्या जागी. मी इकडं आले त्या दिशीच ती तिकडं पोचली." तीच पुढे म्हणाली, "शेळ्या शेजारी बांधल्यात. बाबा लई भांडले. ती म्हनली, म्या उभा जलम ऊस तोडलाय, दहा दिसांनी काय मरते का मी? मोळ्या बांधती. डोक्यावर घिऊ देत न्हाईत बाबा."

"देत नाहीत ना?"

"बाबा बघत्यात तवर न्हाई."

पुढच्या सत्राच्या विषयांचा कागद मी तयार ठेवला होता, कोणता जोडविषय तिच्या फायद्याचा ते लाल पेनाने खूण करून. तो बाजूला सारला आणि तिला विचारलं, आईचा हात कधी बरा होईल, तू कधी परत येऊ शकशील, तोवर घरी कोण असेल. ती उत्तरं देत गेली, मी लिहीत गेले. संक्रांतीनंतर येईन म्हणाली. मध्येच घड्याळाकडे बघून म्हणाली, "मॅडम, जरा लवकर. मी पोचल्याबिगर आजी बसायची न्हाई."

तुम्हाला टांगणीला लावत नाही. ती आज दुसऱ्या वर्षाला आहे. एक पेपर मागे राहिला होता, तोही सुटला.

त्या दिवशी ती गाडीत बसल्यावर मी तिच्या बापाच्या फोनवर फोन केला आणि आजीला द्यायला सांगितलं. म्हातारी धापा टाकत होती. मला माफी मागायची होती. पण त्याआधी तिनेच विचारलं.

"बाई, पेपर कसे गेले वं तिला? पोरगी मला खरं सांगायची न्हाई."

निकालाआधी कोणत्याही मुलाबद्दल कधी काही बोलायचं नाही, हा माझा नियम होता. मी म्हणाले, "मावशी, कसे गेले ते मला ठाऊक नाही. पण प्रत्येक पेपरला ती शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत होती. मी रोज दारातून पाहिलं."

"मंग बास," म्हातारी म्हणाली. मागून कोणीतरी तिला मोळीला हात लावायला बोलावत होतं. ती आले म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून निघून गेली.