ओळंब्यातली मान

अत्यंत गांभीर्याने जाहीर करावं लागतंय की, उभ्या खानदेशात आमच्या साडूंच्या मानेइतकी सरळ मान दुसरी नाही आणि तिच्याइतकी दुखरीही नाही. साडू म्हणजे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. दोन वर्षांपूर्वी मान दुखायला लागली, तेव्हा ‘बांधकाम कललंय’ असं निदान त्यांनी स्वतःच करून टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी पिंप्राळ्याच्या घरात ते भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि आमची मेहुणी त्यांच्या कानापासून गवंड्याचा ओळंबा सोडते. दोरी खांद्याच्या मधोमध आली नाही की हुकूम सुटतो, “परत!” मग दिवसभर मान त्याच रेषेत. मागून कुणी हाक मारली तर कपाट सरकवावं तसे अख्खे वळतात. भरिताच्या पंगतीत ताट हनुवटीपर्यंत उचलून जेवतात.

फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंनी खांदे चाचपून सांगितलं, “काका, मान सरळच आहे हो. पण स्नायू सारखे आवळलेले. त्यांना सुटीच नाही. जरा हलत जा, सैल बसत जा.”

“चांगलं बांधकाम हलत नसतं,” असं त्यांना सुनावून साडू ताठ मानेने घरी आले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात लग्नाची एकुलती एक लेक. चाळीसगावची दोन स्थळं ‘बाप फार ताठ’ म्हणत गेली ती गेलीच. तिसरं धुळ्याचं, आणि हा मुलगा लेकीने स्वतः पसंत केलेला. “पप्पा, ते विचारतील तेव्हा निदान मान तरी हलवा,” तिने बजावलं. साडूंनी दोन दिवस आरशापुढे तालीम केली.

मंडळी आली, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, “मग, होकार समजायचा ना?”

मान हलेना. खांदे मात्र चढत चढत कानांना भिडले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. दारात उभ्या लेकीचा चेहरा उतरला. मी साडूंकडे पाहिलं, तर त्यांची नजर तिच्यावर खिळलेली. मानेचं दुखणं सुरू झालं ते तिच्यासाठी स्थळं बघायला लागल्यापासून, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं.

एवढ्यात मुलाची आजी उठली, तडक साडूंपाशी गेली आणि दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर ठेवून तिने हलकेच दाबले. खांदे उतरले. पाठोपाठ मानही खाली आली आणि खालीच राहिली. चष्म्यामागून एक थेंब शर्टावर पडला. आजीच्या तोंडून अहिराणीत निघून गेलं,

“अरे भाऊ, आम्ही पोर मांगाले उनूत, लुटाले नही!”