नव्वद पावलं

माझा मेव्हणा पुण्याहून गोल्फच्या काठ्या घेऊन आला आणि स्वतः शिकायला लागून महिना झाला नसताना मलाच शिकवू लागला. बाभुळगावच्या आमच्या शेतातलं सोयाबीन निघालं होतं. शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या कडुनिंबाकडे मोबाइल रोखून तो म्हणाला, "भाऊजी, दीडशे मीटर. म्हणजे सात नंबरची काठी. तुमाले नाई समजाचं."

तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि हा मला अंतर सांगणार! डोकं फिरलं, पण बायकोचा भाऊ पडला.

चेंडू कडुनिंबाच्या खूप अलीकडे पडला. मग त्यानं सहा नंबर घेतला, मग पाच. नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो म्हणे. तिन्ही चेंडू जवळजवळ एकाच जागी पडले. त्यानं आधी ढेकळांना शिव्या दिल्या, मग वाऱ्याला. मी तिथवर चालत गेलो, पावलं मोजली आणि परत आलो.

"आता चार नंबर घेऊ काय, भाऊजी?"

"कोन्तीबी घे," मी म्हणालो. "झाड दीडशे मीटरवर असंल, पण तू नव्वद पावलांचाच माणूस हायेस."