साल्झबर्गच्या पेठेत नलूताई

सकाळी नारायण पेठेतल्या डेअरीवाल्यांचा फोन आला. "नलूताईंचे भाऊ ना आपण? ताई आज दूध न्यायला आल्या नाहीत. एकदा बघून जा." मागे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. मी किल्ली घेऊन पोहोचलो. माझी थोरली बहीण रात्री झोपेतच गेली होती. त्याला आता दीड महिना होत आला.

नलूताई बँकेतून निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी भाऊजी गेले. एकुलती मुलगी मेधा ऑस्ट्रियात, साल्झबर्गला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ताई तिच्याकडे उन्हाळाभर राहिली. मेधा आणि जावई कामावर गेले की ताई गेट्रायडेगासेत जाई. ही त्या शहरातली जुनी, अरुंद पेठ. दोन्ही बाजूंना उंच घरं, खाली दुकानं आणि प्रत्येक दुकानावर लोखंडी नक्षीची पाटी रस्त्यावर टांगलेली. वाहनांना बंदी. साडीखाली स्पोर्ट्स शूज, वर भाऊजींचा स्वेटर अशा वेशात ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. संध्याकाळी मेधा कामावरून येताना तिला घेऊन घरी जाई. फोनवर ताईचा अहवाल असे : "रस्त्याच्या मधोमध चालता येतं. पहिले काही दिवस मी उगीचच मागे वळून बघत होते."

तिच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात मीही गेलो. परतताना दोघांनी बरोबर यायचं ठरलं होतं. मेधाला मात्र आईनं परत जाऊच नये असं वाटत होतं, आणि ताईनं अजून हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. खरेदीसाठी ताईनं रविवार राखून ठेवला. "रविवारी निवांत जाऊ. सोमवारी नको, बंद असेल." हे वेळापत्रक पुण्याच्या लक्ष्मी रोडचं होतं. शनिवार-रविवार ती मेधाबरोबर घरीच असायची, त्यामुळे रविवारची ती पेठ तिनं पाहिलेलीच नव्हती. मेधाला विचारावं असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. पोहोचलो तर जवळपास सगळी दुकानं बंद. काचेआड दिवे लागलेले, आत माणूस नाही.

"आपल्याकडे निदान 'बंद आहे, दार वाजवू नये' असं लिहून अपमान तरी करतात," ताई म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. पिशवीची घडी घालत म्हणाली, "मी इथं रोज येते. उद्यापासून आले नाही तर कुणाला कळेल रे?"

त्या संध्याकाळी जेवताना मेधानं विषय काढला. "आई, इथंच राहा आता. तिकडे एकटीच तर असतेस."

"तिथं मी एकटी आहे हे चार जणांना माहीत असतं. इथं तेवढंही नाही."

मेधा उठून ताटं गोळा करू लागली. ताई माझ्याबरोबर परत आली.

ते चार जण पुढे कमी होत गेले. समोरच्या जोशीकाकू मुलाकडे खराडीला गेल्या. शिंप्यानं दुकान विकलं. खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड हललं. ताईनं याबद्दल कधी तक्रार केली नाही, मेधाला तर अजिबात नाही. एक दिवस तिनं डेअरीवाल्यांना माझा नंबर दिला, हे मला तेराव्यानंतर त्यांच्याकडूनच कळलं. "मी म्हटलं, ताई, असलं काय बोलता? तर म्हणाल्या, रोज अर्धा लिटर नेते तुमच्याकडून, एवढं करायला काय होतं?"

मेधा दिवस करून परत गेली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गेट्रायडेगासेतल्या एका बेकरीच्या मालकीणबाईंनी तिला थांबवलं होतं. तुझी आई यंदाही आली नाही का, म्हणून विचारत होत्या. त्या उन्हाळ्यात दुपारी ताई त्यांच्या दुकानासमोर बराच वेळ उभी असायची म्हणे. पाय दुखत असतील, म्हणून बाईंनी तिच्यासाठी दाराबाहेर खुर्ची ठेवायला सुरुवात केली. एकदा बोटानं दाखवलीसुद्धा. ताई हसली, मान हलवली आणि पुढे गेली.

तिनं मान का हलवली असेल, ते मला लगेच कळलं. काही विकत न घेता दुकानदाराच्या खुर्चीवर बसायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. तिला ती खुर्ची गिऱ्हाइकांची वाटली असणार...

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सप्टेंबरात येईल म्हटलं, मामा. तोंडून निघून गेलं."

"आणि आता?"

"आता काय... त्या रोज खुर्ची बाहेर काढतात."